धुळ्याच्या सर्कलवरची फिरलेली पाटी

मी शाळेत गेले नाही. लग्नानंतर, मुलांच्या पाट्यांवर त्यांच्याबरोबर गिरवत गिरवत वाचायला शिकले. त्यामुळे काय झालं, लिहिलेल्या अक्षरावर माझा फार जीव. दुकानांच्या पाट्या, एस.टी.वरची गावं, सगळं मोठ्याने वाचायची. घरातले हसायचे, हसू देत.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, शिंदखेड्याला. बहिणीला एकच मुलगी आणि आम्हा दोघी बहिणींना एकच भाऊ. मामाने नवरीचा हात धरून तिला बोहल्यावर आणायचं, मंगलाष्टकं होईस्तोवर तिच्यामागे उभं राहायचं. भावाने त्यासाठी नवा फेटा घेतला होता. शेजाऱ्याची जीप मागून आणली आणि आम्ही दोघं जळगावहून सकाळीच निघालो. मुहूर्त साडेबाराचा.

पारोळ्यापर्यंत गप्पांत वेळ कसा गेला कळलंच नाही. धुळ्याला मोठं सर्कल लागलं. चहूकडून ट्रक, मधे लोखंडी खांब, खांबावर बाणांच्या पाट्या. भावाने एक फेरी मारली, दुसरी मारली, फाटा काही कळेना. कडेच्या टपरीवरचा चहावाला हात हलवत होता.

"अक्का, त्या चहावालाले इचारी लेऊ," भाऊ म्हणाला.

"भाऊ, एवढी मोठी पाटी लिहेल शे, अन् तू चहावालाले इचारस? त्याले चहा इकना शे. सोनगीर, शिंदखेडा, हाऊ बाण. चाल!"

तो हसला. "चाल बाई, तू म्हणशी तसं."

रस्ता छान होता. मी वाटेतल्या पाट्या वाचत होते. मग कुसुंबा आलं, म्हणजे आम्ही शिंदखेड्याऐवजी साक्रीच्या वाटेला लागलो होतो. भावाने जीप वळवली.

परत सर्कलला आलो तर चहावाला धावतच आला. "अहो नाना, ट्रकनी ठोकी तैपासून ती पाटी फिरेल शे. गावमा सगळासले माहीत शे. मी इतला हात करी ऱ्हायंतू!"

शिंदखेड्याला पोहोचलो तेव्हा पंगत बसली होती. नवरीमागे तिचा कुणी चुलत मामा उभा राहिला म्हणे. बहीण भावाजवळ आली, डोळे लाल. भाऊ फेटा हातात घेऊन म्हणाला, "जीप पंक्चर व्हयनी, बाई." माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मी त्याच्या शेजारीच उभी होते. एक शब्द बोलायचा होता मला. मांडवभर नवरीच्या सासरची माणसं. वाचता येणारी अक्का म्हणून मिरवायची ना मी, लाज वाटली. म्हटलं, नंतर सांगू.

नंतर नंतर करत राहून गेलं. दिवाळीला विषय निघाला की बहीण त्याला टोमणा मारायची, "मामाले पंक्चरनंच काम महत्त्वानं." तो खाली बघून हसायचा, मी करंज्या तळत राहायची.

भाऊ गेला, त्याच्या तेराव्याला मी बहिणीला सगळं सांगितलं.

"आते सांगस का अक्का?" ती म्हणाली. "त्या लगीननंतर तीन वरीस मी तेले राखी नही धाडी."

मला ते माहीतच नव्हतं. भावाने तेही मला कधी सांगितलं नव्हतं.