भीत भीत जालन्याला

घनसावंगीच्या बेबीनंदाबद्दल कुणी काही सांगायला लागलं, की आधी तिच्या भित्रेपणाचं सांगायचं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ती अंगणात जाऊन उभी राहायची. रस्ता ओलांडायचा तर कुणीतरी ओलांडणारं येईपर्यंत थांबायची आणि त्याच्या पाठोपाठ निघायची. फोनवर अनोळखी नंबर दिसला तर फोन उपडा करून त्यावर उशी ठेवायची. तिचा नवरा राजानंद एसटीत ड्रायव्हर. तो गाडी घेऊन गेला की परत येईपर्यंत हिच्या जिवाला थारा नसायचा. तो कधी चिडला नाही. हिला भ्यायला कारण लागत न्हाई, एवढंच म्हणायचा आणि जेवायला बसायचा.

अशा बाईला गुप्तहेराचा खेळ लागला, ही गोष्ट गल्लीत कुणाला खरी वाटली नसती, म्हणून तिनं ती कुणाला सांगितलीच नव्हती.

खेळ आणला होता पायलनं. पायल म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात कामाला. तिनं नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना घरी आणून ठेवला, आणि दिवाळीच्या सुटीत त्यावर ती खेळत बसली होती. बेबीनंदा चहा द्यायला गेली ती कप हातात धरून तिथंच उभी राहिली. पडद्यावर एक उंट होता. डोक्यावर हॅट, गळ्यात मफलर, आणि धंदा गुप्तहेराचा. चोराच्या मागं लागायचा आणि दारात मान अडकवून बसायचा. सापडलेली प्रत्येक वस्तू, मग ती शिडी असो की तवा, तो आपल्या कुबडात टाकायचा. खेळणाऱ्यानं काय करायचं, तर खोलीतल्या एकेका वस्तूवर क्लिक करायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, आणि कोणती वस्तू कुठं कामी येते ते शोधायचं. उंटाला तवा दिव्याला लावायला सांगितला, की तो खेळणाऱ्याकडं वळून बघायचा आणि म्हणायचा, तुमच्या घरी असंच करतात का? बेबीनंदा इतकी हसली, की कपातला चहा बशीत आला.

पायल परत गेल्यावर ती दुपारची कामं उरकून लॅपटॉप उघडायला लागली. इंग्रजी तिचं अकरावीपर्यंतचं, पण वाक्यं खाली लिहून यायची, ती एकेक शब्द लावत वाचायची. अडलं की फोन करायची. आणि तिला त्या खेळात भीती वाटायची नाही. याचं तिला स्वतःलाच नवल वाटायचं. मग एकदा तिच्या ध्यानात आलं. तिथं चुकलं तरी काही होत नव्हतं. चुकीचं दार उघडलं, चुकीच्या माणसाला चुकीचं विचारलं, तर उंट फक्त एक टोमणा मारायचा आणि सगळं जिथल्या तिथं राहायचं. कुणी मरत नव्हतं. जन्मभर तिला जी भीती होती, की आपल्या हातून काहीतरी होईल आणि ते परत नीट करता येणार नाही, ती भीती त्या खेळात शिरतच नव्हती.

खेळ भागाभागांनी यायचा. एक भाग संपला की पुढचा यायला दोन-तीन महिने. नवा भाग आला की मायलेकी रविवारी जेवणं झाल्यावर एकाच वेळी सुरू करायच्या, ती तिकडं, ही इकडं, फोन मध्ये. बेबीनंदा हळू जायची, पण सगळ्यांना दुसऱ्यांदा विचारायची. पायल म्हणायची, एकदा विचारलं ना आई, पुढं चल. आणि दुसऱ्यांदा विचारल्यावरच खेळातला बेकरीवाला खरं बोलायचा.

तिसरा भाग आला तो मार्चमधला रविवार होता. शुक्रवारी संध्याकाळी पायलचा फोन आला होता. उद्या ऑफिसात काम आहे, बोलणं व्हायचं नाही, रविवारी खेळू, असं तिनं सांगितलं होतं. आवाज थोडा बसलेला वाटला होता. बेबीनंदानं विचारलं तर, धूळ आहे इथं, म्हणाली.

रविवारी सकाळीच बेबीनंदानं फोन लावला. बंद. थोड्या वेळानं पुन्हा लावला. बंद. भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं लावला, तेव्हाही बंद. राजानंद गाडीवर होता. मधल्या थांब्यावर त्यानं फोन उचलला आणि म्हणाला, चार्जिंग संपलं असेल, लेकरू झोपलं असेल. तो म्हणाला त्यात काही चुकीचं नव्हतं. पण बेबीनंदाला ते पटलं नाही. ती घरात या दारातून त्या दारात फिरली. पायल कधीही फोन बंद ठेवत नव्हती. आई भिते हे माहीत असलेली मुलगी फोन बंद ठेवत नाही.

शेवटी तिनं भाकरी झाकून ठेवली, घराला कुलूप लावलं आणि जीपच्या अड्ड्यावर येऊन उभी राहिली. जालन्याला ती आजवर एकटी कधी गेली नव्हती. अंबडपर्यंत जीपमध्ये दोन बायांच्या मध्ये चेपून बसली. समोरून ट्रक आला की डोळे मिटायची आणि लगेच उघडायची, कारण मिटल्यावर जे दिसत होतं ते ट्रकपेक्षा वाईट होतं. अंबडला बस मिळाली. बसमध्ये दोनदा अनोळखी नंबर वाजला, तो तिनं कापला, आणि पुन्हा पायलला फोन लावला. बंद.

पायलची खोली स्टेशनच्या मागच्या बाजूला, गिरिजाबाई नावाच्या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर. गिरिजाबाई ओट्यावर वाळवण राखत बसल्या होत्या. बेबीनंदाला एकटीला बघून त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"तुम्ही इथं कशा? पायल तर शनिवारी सकाळीच गावाकडं गेली. आईकडं चालले म्हणून सांगून गेली."

बेबीनंदा जिन्याच्या पायरीवर बसली. मुलगी आईला सांगते ऑफिसात आहे, आणि घरमालकिणीला सांगते आईकडं चालले. मग ती गेली कुठं? कुणाबरोबर? मागं स्टेशनात गाडी शिरल्याचा आवाज आला आणि तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. गिरिजाबाईंनी पाणी दिलं. ते तिच्या पदरावर सांडलं.

पोलिसांत जावं का, असं गिरिजाबाई विचारत होत्या. बेबीनंदाला ते ऐकू आलं, पण तो शब्द तिला नकोच होता. तिनं एवढंच विचारलं, की खोलीची दुसरी किल्ली आहे का.

दार उघडलं तेव्हा ती उंबऱ्यावर थबकली. आत काय दिसेल याची तिला इतकी भीती वाटत होती, की आधी तिनं नुसता वास घेतला. नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा उग्र वास होता, बंद खोलीत कोंडलेला. खोली मात्र नीट होती. पलंगावर चादर ताठ. टेबलावर लॅपटॉप. फोनचा चार्जर भिंतीतच लटकलेला. मोठी बॅग पलंगाखाली, लहान पिशवी जागेवर नाही. बेबीनंदा एकेका वस्तूला हात लावत गेली. खुंटीवरची जाड शाल गेली होती, आणि बाहेर तर मार्चचं ऊन. खिडकीत रंग लागलेल्या कापसाचे बोळे पडले होते. आरशापुढच्या वाटीत बांगड्या होत्या. कानातले होते. आणि नाकातली चमकी होती.

चमकीवर तिनं बोट ठेवलं. दहावीच्या निकालानंतर टोचलेली ती चमकी पायलनं आंघोळीलासुद्धा कधी काढली नव्हती. अंगावरचं सगळं काढून ठेवून, नखांचा रंग पुसून मुलगी कुठं जाते? पहिलं जे मनात आलं ते इतकं काळं होतं, की तिनं वाटी पालथी घातली. मग तिला आठवलं, की तिच्याही हातातल्या बांगड्या एकदा अशाच उतरवल्या होत्या. पायलच्या वेळी. पोट फाडून बाळ काढायचं ठरलं आणि नर्स म्हणाली होती, अंगावर काही ठेवायचं न्हाई, नखाला रंगसुद्धा न्हाई.

ती खाली आली आणि तिनं गिरिजाबाईंना पुन्हा विचारलं, शनिवारी पायल गेली तेव्हा काय काय झालं ते सगळं सांगा. गिरिजाबाई म्हणाल्या, सांगितलं की, आईकडं चालले म्हणाली. बेबीनंदा हटली नाही. "ते झालं. आणखी? चेहरा कसा होता? कुणी आल्तं का संग?"

आता गिरिजाबाई आठवायला लागल्या. ऑफिसातली शीतल आली होती, स्कूटी घेऊन. पायल वाकून चालत होती; कंबर धरली म्हणाली. आणि हो, गरम पाण्याचा थर्मास मागून नेला.

"गावाला जायला थर्मास कशाला नेते?" बेबीनंदा म्हणाली. मग तिनं चमकीचं आणि त्या नर्सच्या बोलण्याचं सांगितलं, आणि जवळचे दवाखाने विचारले.

शीतलचा नंबर गिरिजाबाईंकडं नव्हता. जवळच्या रस्त्यावर ऑपरेशनं होणारे दवाखाने दोन, एवढं त्यांना माहीत होतं. त्या बरोबर यायला निघाल्या, पण गुडघ्यानं साथ दिली नाही. बेबीनंदा एकटी निघाली. रविवारचा रस्ता असला तरी मोटारसायकली चुकत नव्हत्या, आणि आज तिच्या पुढं चालणारं कुणी नव्हतं. ती हात वर करून तशीच मध्ये शिरली. कुणीतरी ब्रेक मारून दोन शब्द बोललं. ती ऐकायला थांबली नाही.

पहिल्या दवाखान्यात त्या नावाचं कुणी नव्हतं. दुसऱ्यात खिडकीतल्या मुलीनं नाव ऐकून जिन्याकडं बोट दाखवलं. तो जिना चढताना बेबीनंदाला खरी भीती वाटली. आतापर्यंत मुलगी कुठं आहे हे माहीत नव्हतं. आता कळणार होतं. कठडा धरून ती मध्येच उभी राहिली, आणि परत फिरावं असंही एकदा वाटलं. मग वरून पायलचा आवाज आला. कुणाशी तरी बोलत होती, हळू, दमलेला, पण तिचाच.

पायल खाटेवर होती, हाताला सलाइन, अंगावर ती जाड शाल. शेजारी शीतल पेरू चिरत होती. आईला दारात बघून पायल उठायला गेली आणि पोट धरून परत टेकली.

अपेंडिक्स होतं. शुक्रवारी पोट दुखायला लागलं, संध्याकाळी सोनोग्राफी झाली, शनिवारी ऑपरेशन. फोनचं चार्जिंग संपलं, चार्जर खोलीत राहिला, शीतलच्या चार्जरची पिन लागत नव्हती. दुपारी शीतलच्या फोनवरून तिनं आईला लावला होता, दोनदा. दोन्ही वेळा कापला गेला. बेबीनंदाला बसमधले दोन अनोळखी नंबर आठवले. तिनं ते कापले होते.

बेबीनंदा खाटेच्या कडेला बसली आणि लेकीच्या पायांवर शाल नीट ओढली. शीतल हळूच बाहेर गेली.

"तू भेतेस म्हणून सांगितलं न्हाई," पायल म्हणाली. "ऑपरेशन म्हटलं असतं तर तुझंच काहीतरी झालं असतं. मी इथं तुझी काळजी करत बसले असते."

हे ऐकताना बेबीनंदाला जे वाटलं ते सकाळपासूनच्या सगळ्या भीतीपेक्षा वाईट होतं. लेक पोटात कळा घेऊन खोलीत बसली होती, चमकी उतरवत होती, आणि आईला कळू नये म्हणून आवाज नीट करत होती. आणखी काय काय तिनं असंच एकटीनं काढलं असेल? विचारायचं धाडस होईना. तरी तिनं विचारलं. पायल आधी काही न्हाई म्हणाली. आई पुन्हा विचारती झाली, तेव्हा मागच्या पावसाळ्यात स्कूटीवरून पडल्याचं निघालं, आणि ऑफिसातल्या एका माणसाच्या त्रासाचं निघालं, जो आता बदलून गेला होता. बेबीनंदा ऐकत गेली.

"मी भेणारच," ती शेवटी म्हणाली. "भ्यायचं काय थांबत न्हाई माझं. पण भेत भेत का होईना, येते ना मी? आज आले का न्हाई?"

पायलनं मान हलवली आणि तोंड शालीत घातलं.

संध्याकाळी राजानंद गाडी लावून थेट जालन्याला आला. नर्स टाक्यांची पट्टी बदलायला आली, तेव्हा तो बाहेर व्हरांड्यात गेला. त्याला रक्त बघवत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. बेबीनंदा आत थांबली. डोळे घट्ट मिटून, पण लेकीचा हात धरून.

पायल पंधरवडाभर घनसावंगीला राहून परत कामाला गेली. आता ती सगळं सांगते. ताप आला तरी, बसचा अपघात बघितला तरी, हैदराबादला बदली होईल असं ऑफिसात बोलून राह्यलेत हेसुद्धा. बेबीनंदाची झोप पहिल्यापेक्षा कमी झाली आहे. हैदराबादचं ऐकलं त्या दिवशी तिनं फोन कानापासून दूर धरला. मग फोन परत कानाला लावून विचारलं,

"मंग? कधी जायचं म्हणतेत?"