जावयाच्या हातचा रविवार

माझा जावई इंग्रज आहे. गावाकडं हे सांगितलं की लोक हळूच विचारतात, "तो खातो काय?" मी म्हणतो, तो खातो काय ते सोडा, तो करतो काय ते बघा. रविवारी सकाळपासून तो ओव्हनपाशी उभा असतो, पाठीवर पंखा सोडून. तरी घामानं निथळतो. आमच्या घराण्यात बाप्या माणसानं असं कधी केलं नाही. मी चौथी शिकलेला, जन्मभर ट्रक चालवला. मला चहासुद्धा धड येत नव्हता.

बायको गेली तेव्हा लेकीनं मला सिंगापूरला आणलं. दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. टॅम्पिनीसला त्यांचा फ्लॅट, बराच वरच्या मजल्यावर. लेक बँकेत, जावई शाळेत शिकवतो. मी दिवसभर खिडकीशी. समोरच्या बिल्डिंगीतल्या बायका बांबूवर कपडे वाळत घालायच्या ते बघायचं आणि ताटातला दहीभात चिवडायचा. शर्ट अंगावर लोंबायला लागले होते. लेक म्हणायची, "बाबा, चार घास तरी खा." मी म्हणायचो, "खातोय की." खात नव्हतो. घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. लेकीला भीती होती की आईच्या मागोमाग मीही जाणार. ती बोलली नाही कधी, पण मी काय आंधळा नव्हतो.

त्यात मी मटण सोडलेलं. दहाव्याला नदीवर, भावकीसमोर, तिच्या नावानं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं आवडती वस्तू सोडतात. कुणी वांगं सोडतं, कुणी पेरू. भाऊ म्हणाला, "अरं, तू पण पेरू सोड. मटण कशाला?" मी म्हणालो, "पेरूसाठी ती कधी चुलीपुढं बसली होती का?" आठवडाभर ट्रकवर धाब्याचं खायचो आणि रविवारी घरी तिच्या हातचं मटण. पाट्यावर वाटण, घरचा कांदा-लसूण मसाला, आणि रस्सा असा की डोळ्यातनं पाणी यावं. तिच्यामागं ते कुणाच्या हातचं खाणार? सोडलं.

मी आलो आणि जावयानं आपलं रविवारचं जेवण बंद केलं. मला पत्ता नाही. एके दिवशी लेकच म्हणाली, "बाबा, त्यांच्याकडं रविवारी अख्खी मांडी भाजतात. त्याच्या आईनं शिकवलंय त्याला. तुमच्यासाठी थांबलाय तो."

मी म्हणालो, "त्याला म्हणावं, कर. मी सोडलंय, तू कशाला सोडतोस?"

त्या रविवारी मी पहिल्यांदा बघितलं. सकाळी बाजारातनं मेंढीची मांडी आणली. ती त्यानं अशी पुसली, जशी आपण न्हाऊ घातलेलं पोर पुसतो. सुरीनं भोसकून भोकं पाडली आणि एकेका भोकात लसणाची पाकळी आणि कसल्याशा हिरव्या काड्या खोचल्या. मसाला नाही, मिरची नाही. मी मनात म्हटलं, झालं, गेलं मटण वाया. बटाटे अर्धवट उकडले आणि झाकण लावून पातेलं गदागदा हलवलं. त्यांची कड खरवडली गेली की मग भाजताना खुसखुशीत होतात म्हणे. मला डोकावायला मनाई नव्हती, लेकीला होती. रविवारी तिनं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही असा त्यांच्यातला नेम. माझ्यासाठी त्यानं अख्खा फ्लॉवर वेगळ्या ताटलीत भाजायला ठेवला होता, वर हळद-तिखट लावून. ते कुठं शिकला कोण जाणे.

मांडी बाहेर काढली तर घरभर वास. पण त्यानं ती कापली नाही, वरनं कागद झाकून बाजूला ठेवली. मी लेकीला विचारलं, "आता काय?"

"बाबा, तिला आराम करू द्यायचा असतो."

"मेलंय की ते. आता कसला आराम?"

लेकीनं त्याला इंग्रजीत सांगितलं, तर तो ओट्याला धरून हसला. मग मला म्हणाला, "बाबा, थोडं थांबा." एवढं मराठी त्याला येतं. मी त्याला जावईबापू म्हणतो, तर फोन उचलला की स्वतःच म्हणतो, "बाबा, जावईबापू बोलतो."

टेबलावर बसलो. त्यानं मांडीचे पातळ पातळ काप काढले. सगळ्यांची ताटं भरेपर्यंत घासाला हात लावला नाही. लेकीचं ताट आधी, मग माझं, स्वतःचं शेवटी. आमच्यात बाप्ये आधी जेवायचे. माझी बायको जन्मभर पातेल्याच्या तळाला राहिलेल्या रश्श्यावर जेवली, आणि मला त्यात कधी काही वेगळं दिसलं नाही. इथं हा साडेसहा फुटी माणूस, सकाळपासून राबलेला, माझ्या लेकीला पहिलं वाढत होता. खरं सांगतो, त्याच्याबद्दल मला त्या क्षणी फार चांगलं वाटलं.

माझ्या ताटात फ्लॉवर, गाजर, फरसबी आणि ते बटाटे. मी बटाटा फोडला. वरनं पापडासारखा कुरकुरीत, आत लोणी. तोंडात घातला आणि तिथंच कळलं. चरबी होती. मटणाच्या रसात, चरबीत भाजलेला बटाटा. त्याच्या लेखी बटाटा म्हणजे भाजी, मग तो कशातही भाजा. त्यानं मटण माझ्या ताटात घातलं नव्हतं, एवढंच त्याला माहीत.

मी घास थुंकू शकलो असतो. थुंकला नाही. गिळला. मग दुसरा खाल्ला, आणि तिसरा. घास खाली उतरत होता.

लेकीचं लक्ष गेलं. तिचा चेहराच उजळला. नवऱ्याला म्हणाली, "बघ, बाबा बटाटे खातायत! कसे केलेस सांग ना त्यांना."

तो खूश. हातवारे करत इंग्रजीत सांगायला लागला आणि लेक मला मराठीत सांगत गेली, आधी उकडायचे, मग हलवायचे, मग मांडीखालच्या ट्रेमध्ये जी चरबी उतरते त्यात... आणि तिथंच थांबला. लेकीचा काटा हातातच राहिला. तो लालबुंद झाला. "सॉरी, बाबा. सॉरी, सॉरी," म्हणत माझं ताट उचलायला आला. मी ताट धरून ठेवलं.

लेक रडायला लागली. "बाबा, तुम्ही आईच्या नावानं सोडलं होतं. तुम्हाला कळलं नाही?"

"पहिल्याच घासाला कळलं."

"मग?"

"मग काय. चांगले झालेत."

तेव्हा मी तिला सांगितलं, जे नदीवर भावकीला सांगितलं नव्हतं. मटण मी तुझ्या आईच्या मायेपोटी सोडलं हे अर्धंच खरं. मला भीती होती. दुसऱ्या कुणाच्या हातचं खाल्लं आणि ते मला गोड लागलं, तर? मग ती खरोखरच गेली म्हणायची. सोडलं की तो प्रश्नच नाही.

"आणि आता?"

"आता लागलं ना गोड. काय करणार?"

जावई बिचारा एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. त्याला एक शब्द कळत नव्हता. मी ताट त्याच्यापुढं केलं आणि म्हणालो, "वाढा, जावईबापू."

त्यानं लेकीकडं बघितलं. तिनं डोळे पुसत मान हलवली. मग त्यानं हाडाजवळचा, जरा ओलसर असा काप काढून माझ्या ताटात ठेवला, वर पुदिन्याची चटणी. ती आंबटगोड चटणी मला आवडली नाही, ते मी तोंडावर सांगितलं. पण मटण चांगलं होतं. तिच्या हाताची सर नव्हती आणि येणारही नाही. मीठ, लसूण आणि त्या काड्या, एवढ्यावर माणसानं मटणाला मटणाची चव राहू दिली होती, ही काही लहान गोष्ट नाही. आम्ही मसाल्यात झाकतो, हा उघडं करून वाढतो. मी आणखी एक काप मागून घेतला. खाताना नाकातनं, डोळ्यातनं पाणी वाहत होतं, आणि त्या मटणात एक मिरची नव्हती.

जावई खाली बघून जेवत होता, मला मोकळं सोडून. लेक मात्र हनुवटीखाली हात घेऊन माझा घासन्‌घास बघत बसली होती. तिच्या ताटातलं सगळं गार झालं होतं.

मी म्हणालो, "बाई, माझं होत आलं. आता तू जेव."