उजव्या पायाची चप्पल

आमच्या गल्लीत चपला शिवणारा जो आहे, तो बोलताना तोंडाकडे बघत नाही, डाव्या पायाकडे बघतो. मला वाटायचं, धंद्याची सवय असेल. पण कारण वेगळंच निघालं. महायुद्धाच्या काळात, इंग्रजांचे पोलीस मागावर असलेला एक भूमिगत माणूस त्याच्या आजोबांकडे एक पत्र्याची पेटी आणि आपली उजव्या पायाची चप्पल ठेवून गेला. "डावी घेऊन येईल त्याला पेटी द्या," म्हणाला आणि एक पाय अनवाणी टाकत निघून गेला.

अजून कुणी आलेलं नाही. हा मात्र दर दिवाळीला त्या चपलेला तेल लावतो.

"उघडून तरी बघा की एकदा," मी म्हणालो.

"आमची हाय व्हय पेटी?" तो माझ्यावरच खेकसला.

गेल्या पुरात जवान रबरी बोट घेऊन आले. माणशी सामानाचा एकच डाग घ्या, असं ओरडून सांगत होते. ह्यानं टीव्ही, गाद्या, विकायचा सगळा माल पाण्यात सोडला आणि चपलेसकट पेटी छातीशी धरून माझ्या शेजारी येऊन बसला. मग एकेका जवानाचा डावा पाय निरखून माझ्या कानाशी लागला, "ह्यातलं कोण न्हाई. सरकारी माणसं हायत. इच्यारलं तर लोणचं म्हणा."

एका जवानानं पेटीकडे बोट केलंच. "अंकल, इसमें क्या है?"

मी उभा जन्म सरकारी नोकरीत काढला. इंग्रज कधीच गेले, हेही मला ठाऊक आहे. तरी माझ्या तोंडून निघालं, "अचार."