घाटाखाली नवरा, घाटावर परका

जुबेदा आज पहाटे झोपेतच गेली. आणि ऊन वर यायच्या आत मला सांगण्यात आलं, की आता मी तिचा कोणी नाही.

सांगत होत्या त्या मुनीराखाला, गल्लीतल्या सगळ्यांच्या मावशी. भोरमध्ये आमच्या बायकांना शेवटची आंघोळ, म्हणजे गुसल, त्याच घालतात.

"भाई, तुमी आता भायेर बसा. बाई गेली की निकाह तुटतो. हात लावू नका."

त्या वाईट नाहीत. जे ऐकत आल्या तेच बोलल्या. आमच्याकडे सगळे असंच मानतात.

मी उठलो. चप्पल घातली.

माझं शिक्षण सातवी. जन्मभर टेम्पो चालवला, पासलीचा तांदूळ भोरला आणला.
जुबेदा घाटाखालची, महाडकडची. लग्नानंतर उर्दू पक्की केली. केस पांढरे झाल्यावर मोबाईलवर क्लास लावून अरबी शिकली. कुराणाच्या अर्थांची तीन-चार पुस्तकं शेजारी शेजारी उघडी ठेवून वाचायची.

जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, आमच्या पुढच्या खोलीत बायका जमायच्या. तलाक, मेहेर, बापाच्या जमिनीतला हिस्सा, मुलं कोणाकडे राहणार, सगळं विचारायच्या.

ती लगेच उत्तर द्यायची नाही, कुराण उघडायची.
"आधीची आयत वाचू. नंतरची वाचू. मग बोलू."

मी आत चहा ठेवायचो आणि घाबरायचो. मशिदीत कोणी काही विचारलं तर? कोणी घरावर आलं तर?

"अहो, तुम्ही तुमच्या टेम्पोसारखेच," ती म्हणायची. "चालता कमी, हॉर्न जास्त."

एकदा सारोळ्याची रेश्मा पेटी घेऊन दारात आली. नवरा रागात तीनदा तलाक बोलला आणि सासूनं पेटी भरून हातात दिली.

मी म्हटलं, "पोलिसात जाऊ दे. आता कायदा आहे. आपण कशाला मध्ये?"

"कायदा आहेच, लागला तर वापरू. आधी तिला विचारा, तिला काय पाहिजे."

रेश्मा म्हणाली, "मला माजं घर पायजे."

"टेम्पो काढा," जुबेदा मला म्हणाली.

सारोळ्यापर्यंत मी हॉर्नच वाजवत गेलो. सासू दार अडवून उभी.
"तलाक झालाय. हिचं हितं काय ऱ्हायलंय?"

"मावशी, एका दमात तीनदा बोलून तलाक होत नाही. कायद्यात नाही, आणि किताबातली रीतही तशी नाही. ती रीत काही महिन्यांची आहे. तेवढ्या मुदतीत बाईला तिच्या घरातून काढू नका असा हुकूम आहे. तिच्या घरातून म्हटलंय, मावशी. नवऱ्याच्या घरातून नाही."

"आमच्यात असं न्हाई."

"तुमच्यात नसेल. किताबात आहे. पाणी द्या बघू, घसा सुकला."

सासू पाणी आणायला वळली आणि पेटी आत गेली. दोन आठवड्यांत नवरा ताळ्यावर आला. रेश्मा आजही त्याच घरात आहे.

अजून एक लिहितो. ते लिहिल्याशिवाय आज झोप लागणार नाही.

तिच्या माहेरी चाललो होतो. वरंध घाटात ती मध्येच म्हणाली,
"आमच्याकडे खाली नवरा बायकोला गुसल देऊ शकतो. पैगंबरांच्या लेकीला तिच्या नवऱ्यानंच दिलं होतं. तुमच्याकडे वर मात्र नवरा परका. जुन्या काळच्या इमामांत मतभेद आहे, दोन्हीकडे मोठी माणसं आहेत. पण मला सांगा, निकाह काय घाट चढताना तुटतो?"

मी म्हटलं, "असलं बोलू नको. पुढं वळण आहे."

ती हसली. "मी आधी गेले तर तुम्ही घाबरून अंगणात बसाल. मला माहीत आहे."

आज दारात ते हसणं ऐकू आलं.

मी चप्पल काढली.

"मुनीराखाला, पाणी मी घालणार. ती घाटाखालची. तिच्या लोकांत चालतं. गुनाह असला तर माझ्यावर."

खोलीतल्या बायकांनी मुनीराखालांकडे बघितलं.

रेश्मा पहिल्या एसटीनं आली होती. ती उठली, तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला.

मुनीराखालांनी चादर नीट केली. "घाला मग. पर हळू."

मी विचारलं, "पाणी लई गरम तर नाही ना?"

"भाई, त्यांना आता काय भाजतंय?"

तरी मी कोपर बुडवून बघितलं.

उजव्या बाजूनं घातलं, ती शिकवायची तसं. थोडं पाणी तिच्या कपाळावर सांडलं. मी तळव्यानं निपटलं. कोणी अडवलं नाही.

दुपारी खांदा दिला. माती दिली.

घरी आलो तर तिचे सगळे अर्थ टेबलावर उघडेच. चष्मा वर ठेवलेला. मला त्यातलं निम्मंही वाचता येत नाही, आणि आता विचारणार कोणाला?

श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला जमत नाहीत. एवढंच.

जुबेदा, मी अंगणात बसलो नाही.

अल्लाच्या हवाली.

तुझा नवरा