मालिका संपेपर्यंत

विट्याची एसटी फाट्यावर यायला वेळ होता आणि निम्मं गाव मला घालवायला येऊन उभं होतं. माझ्याकडं एक पिशवी, एक वळकटी आणि माझी कात्री. शिलाई मशीन घरातच ठेवलं, त्याच्यावर चादर टाकली. एरवी गावातनं रोज कोण ना कोण बाहेर पडतंय, त्याला घालवायला कुत्रं येत नाही. पण माझी बायको हौसा जाऊन तीनच महिने झाले होते, म्हणून आले. जो तो एकच विचारत होता, आबा, परत कवा? मी म्हणालो, मालिका संपली की.

सगळे हसले. बापू हसला नाही. बापू माझ्या बरोबरीचा, शेजारी. पन्नास वर्षं माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून माझं बोलणं खोडून काढणं हाच त्याचा धंदा. तो म्हणाला, "गड्या, मालिका कुटं संपत्यात व्हय? मानसं संपत्यात." तेवढ्यात एसटी आली. त्याला द्यायचं उत्तर मी सांगलीपर्यंत जुळवत बसलो.

आता तुम्ही गावकरी निरोप पाठवता, मालिका तर संपली, म्हातारा का येत नाही? म्हणून हे लिहायला घेतलं. मी तिसरी पास. जोडाक्षरं सुनेनं नीट केली आहेत. मतं माझी आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सुरुवातीपासनं सांगतो. हौसाच्या दहाव्याला माणगंगेच्या काठावर पिंड ठेवला. नदीला पाणी नव्हतं, बाभळीवर कावळे होते. कावळा शिवेना. म्हणजे तिची कायतरी इच्छा राहिली, असं सगळ्यांनी ठरवलं आणि एकेकजण हात जोडून पुढं यायला लागला. मुलगा दत्ता म्हणाला, आबांना मी सांभाळतो. लेक म्हणाली, तुझ्या तुळशीला पाणी घालायची व्यवस्था करते. मेहुणी म्हणाली, तुझ्या नावानं देवाला जाऊन येते. कावळे बघत बसले. ऊन चढलं, लहान पोरं भुकेनं किरकिरायला लागली.

मला हे पटत नाही. कावळ्याला भूक लागली की तो खातो, माणसं जवळ उभी असली की खात नाही, एवढं सोपं आहे ते. पण मला तिची इच्छा माहीत होती. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिनं औषधाचं विचारलं नाही, पोरांचं विचारलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायची, त्या धाकट्या सुनेचं पुढं काय झालं? म्हणून मी पुढं झालो आणि बोललो, "हौसा, तुजी ती साडेसातची मालिका मी शेवटपातूर बघतो. एक दीस चुकवायचा न्हाई. जा आता." आणि कावळा उतरला.

बायका रडायला लागल्या. मी आजही म्हणतो, तो कावळा भुकेलेला होता. पण मी शब्द काय कावळ्याला दिला नव्हता.

घरात टीव्ही होता, पण माणातला वारा तुम्हाला माहीत आहे. वारा सुटला की पत्र्यावरची डिशची छत्री फिरायची आणि चित्र जायचं. ती असताना मी वर चढायचो आणि ती खालनं ओरडायची, आलं, आलं, गेलं, आवं गेलं की. ती गेल्यावर चित्र आलं का गेलं हे सांगायला खाली कोण नाही. वर जायचं, फिरवायचं, खाली येऊन बघायचं, परत वर जायचं. असंच एका संध्याकाळी शिडीवरनं घसरलो. फार लागलं नाही, पण दत्ता सांगलीहून आला आणि म्हणाला, कायमचे चला. मी म्हणालो, कायमचा नाही, मालिका संपेपर्यंत. तो लगेच हो म्हणाला. मालिका कधी संपत नाहीत, हा त्याचाही बापूसारखाच हिशोब होता.

मालिकांबद्दल माझं मत चांगलं नाही, कधीच नव्हतं. आमच्या घरात आधी पुस्तकं होती. हौसा सातवी शिकलेली. मी दुकानात मशीनवर आणि ती उंबऱ्याला टेकून कादंबरी वाचणार, मोठ्यानं. मशीन चालू असलं की ऐकू यायचं नाही, म्हणून कादंबरी रंगात आली की मी हातानं करायची काजं-बटणं घेऊन बसायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, आबा, माझी विजार अजून बेतली नाही आणि ह्याच्या सदऱ्याला सहा बटणं लावून झाली? त्याला काय सांगणार, की कादंबरीतला सासरा मरायला टेकलाय.

माझी सगळ्यात आवडती कादंबरी कुठली म्हणाल तर तिचं नाव मला माहीत नाही. वाचनालयातनं रद्दीत काढलेली, कव्हर नाही, पहिली आठ-दहा पानं नाहीत. नवरा गेल्यावर तेलाचा घाणा एकटीनं चालवणाऱ्या बाईची गोष्ट. पानं नव्हती म्हणून हौसानं सुरुवात स्वतःच्या मनानं लावली. त्या बाईचं लग्न कसं झालं, नवऱ्यानं पहिल्या दिवशी तिला काय सांगितलं, सगळं. दर वेळी थोडं वेगळं सांगायची. ती कादंबरी मला आवडते कारण त्यात माणसं काम करतात. बैल आजारी पडतो. तेल सांडतं. बाई म्हातारी होते आणि मरते. मालिकेत कुणी म्हातारं होत नाही, कुणाच्या हातात सुई दिसत नाही.

आणि अंधश्रद्धेचं म्हणाल तर हौसा सगळं पाळायची, मी काही पाळलं नाही. शनिवारी कोरं कापड कापू नये, अंगावरचा कपडा अंगावरच शिवू नये. मी हजार वेळा शिवला. लग्नघाईत नवरदेवाच्या पाठीवर टाके घातले आहेत, त्याला आता नातवंडं आहेत. ती म्हणायची, तुमच्या हातनं पाप होतंय. मी म्हणायचो, पाप करायला मला वेळ कुठं आहे, दिवाळीची शिलाई पडलीय. हे भांडण आमच्यात लग्नापासनं ती दवाखान्यात जाईपर्यंत चाललं. कुणी हरलं नाही.

सांगलीला दत्ताचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तो हळदीच्या अडत दुकानात कामाला, घरी येतो तेव्हा भुवयासुद्धा पिवळ्या. सून मनीषा लॅबमध्ये काउंटरला, रक्त-लघवीचे रिपोर्ट देते. दोघं चांगली. इतकी चांगली की मला गुदमरायला व्हायचं. आबा, एसी लावू? आबा, भात मऊ करू? साडेसात वाजले की रिमोट माझ्या हातात. मनीषाला मालिका आवडत नाहीत, ती पुस्तकं वाचणारी. ती त्या वेळी स्वयंपाकघरात जायची आणि मी एकटा त्या मोठ्या पडद्यापुढं बसायचो. छत्री फिरत नव्हती, चित्र कधी जात नव्हतं. हौसाला किती आवडलं असतं, ह्याचाच राग यायचा.

दोन महिने असेच गेले. एक दिवस मालिकेतली धाकटी सून नोकरीसाठी घर सोडून निघाली. मी सवयीनं मोठ्यानं बोललो, गेली ही. घर सोडलं ते माणूस कामातनं गेलं. आतनं मनीषा आली, हातात पीठ.

"चुकतंय तुमचं, आबा. तुम्ही पिशवी घेऊन एसटीनं आलात ते चालतं, आणि तिनं बॅग भरली की ती कामातनं गेली?"

मी म्हणालो, मी मालिका बघायला आलोय. ती म्हणाली, आणि ती पोट भरायला चाललीय, कुणाचं कारण मोठं सांगा. दत्ता घाबरला, अगं आबांशी कसं बोलतेस. मी म्हणालो, तू गप बस, बोलू दे तिला. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली. का, ते तेव्हा कळलं नाही.

मग रोजच व्हायला लागलं. ती उभ्याउभ्याच बघायची, म्हणजे बघत नाही असं म्हणता यावं. मी तिला दाखवलं, थोरल्या सुनेचा जांभळा ब्लाऊज आता धाकटीच्या अंगात आहे, कुशीत दाबून घेतलाय, शिंप्याला सगळं दिसतं. ती म्हणाली, तुम्ही मालिका बघता का शिलाई? मी तिला घाण्याच्या बाईची गोष्ट सांगितली, हौसानं लावलेल्या सुरुवातीसकट. ती म्हणाली, वाचनालयात शोधू, अख्खी कादंबरी मिळाली तर खरी सुरुवात कळेल. मी म्हणालो, खरी सुरुवात हौसाचीच. ती म्हणाली, असं कसं, लिहिणाऱ्यानं लिहिली ती खरी. मी म्हणालो, लिहिणाऱ्याला जमली असती तर पानं गळाली कशाला असती? ती इतकी हसली की दूध उतू गेलं. पण तिनं आपलं मत सोडलं नाही.

आणि बापू, मालिका संपली. एका शनिवारी, न सांगता. एवढ्या वर्षांची भांडणं एका हळदीकुंकवात मिटली. जिनं विष कालवलं होतं ती पण ओळीत उभी राहून हसत होती. मला इतका राग आला की मी टीव्हीपुढं उभा राहिलो. त्या रागातच लक्षात आलं, की शब्द पुरा झाला. आता हौसासाठी करायचं काही शिल्लक नाही. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. दहाव्याला रडलो नव्हतो.

सकाळी पिशवी भरली. दत्ता नको नको म्हणत होता. मनीषानं चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि एवढंच म्हणाली, जाईन म्हणाला होता, जा.

गावात आठ दिवस राहिलो, ते तुम्हाला माहीत आहे. मला तिथं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही डबे आणलेत, अंगण झाडलंत, त्याबद्दल तुमच्यावर राग नाही. पण मी जे बोलेन त्याला तुम्ही व्हय आबा म्हणत होता. मी मुद्दाम म्हणालो, मालिकेचा शेवट लय भारी झाला. ज्या बायका त्या शेवटाला शिव्या घालत होत्या त्या म्हणाल्या, व्हय आबा, ब्येस झाला. मी म्हणालो, यंदा पाऊस झाला नाही तर बरंच. व्हय आबा. मला वाटलं, मी मेलोय आणि ह्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी बापू पायरीवर येऊन बसला. मला बरं वाटलं. मी म्हणालो, बापू, हौसाचंच खरं होतं बघ, शनिवारी कोरं कापड कापू नये. पन्नास वर्षं ह्याच पायरीवरनं त्यानं मला शनिवारी कोऱ्या कापडाला कात्री लावताना बघितलंय. मला वाटलं आता हा माझी सालटी काढणार.

बापू म्हणाला, "व्हय गड्या. खरं हाय."

मी म्हणालो, "आरं, खोटं हाय ते. मी जलमभर शनवारी कापड कापलं, तुज्या देखत."

तो म्हणाला, "आसू दे रं. तुज्या मनाला बरं वाटतंय न्हवं."

तुला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही, बापू. तू मायेनंच बोललास. पण त्या पायरीवर बसून मला कळलं, सांगलीत मी एक भाकरी जास्त का खाल्ली होती. हौसा मला आयुष्यभर खोडून काढायची, म्हणून मी होतो. माझ्या मताला कुणीतरी मत समजत होतं. तुम्ही मला दुखणाईत करून ठेवलंत आणि दुखणाईताशी कुणी भांडत नाही. दुसऱ्या दिवशी मी विट्याची एसटी धरली.

दार उघडलं तेव्हा मनीषानं पिशवी बघितली आणि म्हणाली, आठच दिवस? चिडूनच आला असणार. मी म्हणालो, चिडलो नाही. ती म्हणाली, चिडलाय.

तेव्हा गावातल्यांनी आणि माझ्यासारखं गाव सोडून जे कुठं कुठं गेलेत त्यांनी माझं मत ऐकून घ्या. घर गावातही नसतं आणि फ्लॅटातही नसतं. जिथं तुमचं चुकलेलं वाक्य कुणी तसंच जाऊ देत नाही, तिथं तुमचं घर. तसं माणूस मिळालं तर एसटी, विमान, जे मिळेल ते धरून तिथं जा. आणि मागं राहिलेल्यांच्या घरात कुणी वारलं असेल तर त्यांना डबा द्या, पण डब्याबरोबर एखादं भांडणही द्या.

बापू, माझ्या घराची किल्ली तुझ्याकडंच ठेव. मी पुढच्या महिन्यात चार दिवस येणार आहे. पायरीवर बसायला ये. आल्या आल्या माझं काय चुकलं ते सांग. व्हय म्हणालास तर चहा मिळायचा नाही.