दादाची बंगाली जोडाक्षरं

छापखान्यात तिला सगळे ‘घाईताई’ म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. तिच्या दादानं तिथेच तीस वर्षं बंगाली पुस्तकांची जुळणी केली. तेव्हा कॉम्प्युटरला बंगाली जोडाक्षरं धड दाखवता येत नसत. अर्धं अक्षर एकीकडे, उरलेलं दुसरीकडे. म्हणून या पठ्ठ्यानं एकेक जोडाक्षर हातानं काढून स्वतःचा फाँट बनवला आणि प्रत्येकाला आपल्या मनाचा क्रमांक दिला.

मग युनिकोड आलं. घाईताई म्हणाली, “दादा, आता मशीनच अक्षरं जोडतं. तुझा फाँट टाक माळ्यावर.” तो काहीच बोलला नाही. सहा महिन्यांत तो गेला, पाठोपाठ त्याचं मशीन फाँटसकट बंद पडलं, आणि त्याचं ते न बोलणं तिच्या मानगुटीवर बसलं. दुपारी ती खोलीत एकटी असली की मागे त्याची खुर्ची करकरायची. वळून बघायची तिची छाती होत नसे.

पुस्तकं युनिकोडमध्ये आणायचं काम तिच्याकडेच आलं. दादानं एका फाइलीत तक्ता करून ठेवला होता: डावीकडे त्याचं जोडाक्षर, उजवीकडे तेच युनिकोडमध्ये. बाईंनी काय करावं? पहिल्याच पुस्तकाचा अख्खा फोल्डर न बघता रूपांतराला लावला, त्यातल्या तक्त्यासकट, आणि त्याच नावानं सेव्ह केला. आधी प्रत काढा, असं ती दुसऱ्यांना रोज बजावायची! प्रोग्रामला दादाची साधी अक्षरं तेवढी कळत. बाकी सगळ्याचे तो चौकोन करी. तक्त्यात दोन्हीकडे नुसते रिकामे चौकोन उरले.

तक्त्याशिवाय दादाची उरलेली एकशे बारा पुस्तकं आता कुणालाच वाचता येणार नव्हती. मागे खुर्ची करकरली.

“रागाव की एकदाचा!” ती ओरडली. “गप्प का बसतोस?”

ती चौकोन सरकवत तळापर्यंत गेली. तिथे एक ओळ धडधाकट उभी होती. जोडाक्षर टिकणार नाही हे ओळखून, जन्मभर जोडाक्षरांतच जीव अडकलेल्या माणसानं ती एकही जोडाक्षर न वापरता लिहिली होती:

“घाई करशील, ठाऊक आहे. कागद कपाटात आहे. मला राग नाही.”

कपाटाच्या वरच्या खणात तक्ता छापून ठेवलेला होता. तिला रडू आवरेना. कागद घेऊन ती दादाच्या खुर्चीत बसली. खुर्ची करकरली. पहिल्या जोडाक्षरापासून तिनं वाचायला सुरुवात केली, अगदी सावकाश.