फासा पडायच्या आधी

माझ्या शेजारच्या टेबलावरचा कारकून दर रविवारी ऑफिसातल्या आम्हा चौघांना देऊळघाटला आपल्या घरी बोलावतो आणि फाशाच्या खेळात सुपरहिरो करतो. प्रत्येकाची ताकद कागदावर लिहिलेली असते, व्हिलन तो स्वतः असतो, आणि वार लागला की नाही ते फासा ठरवतो. दोस्तावरचा वार आपल्या अंगावर घेऊन अडवता येतो, पण त्या बाबतीत गडी भलताच कडक. फासा मुठीत हलवत तो एकेकाच्या डोळ्यांत बघतो.

"अडवाचं असंन तं आत्ता बोला. फासा पडल्यावर तं कोनीबी अडवते बे!"

या नियमापायी माझे तीन हिरो मेले.

मागच्या महिन्यात एका चुकलेल्या यादीवरून साहेबांनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. यादी त्याने केली होती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पेन्सिलीला टोक करत होता, फार मन लावून. साहेब गेल्यावर तो माझ्यासाठी चहा घेऊन आला.

"मी बोलनारच होतो बे."

"फासा पडल्यावर?" मी विचारलं.

चहा मात्र चांगला होता.

त्या रविवारी त्याने नियमांची वही काढली, तो नियम खोडरबराने पुसला आणि टोकदार पेन्सिलीने लिहिलं, "वार लागल्यावरही अडवता येईल." का, ते कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून आमचा एकही हिरो मेलेला नाही. साहेब मात्र सोमवारी येतातच.